माहेर येतं तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगांतून

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम कुठल्या पोथीत लिहिलाय हे कुणालाच सांगता येणार नाही. तो मोडला तर काय होतं हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. लोक विचारतात. जिन्यात विचारतात, भाजीवालीपाशी विचारतात, आणि "काही नाही हो, आपलं सहज" म्हणून पुन्हा विचारतात. त्यामुळे लेक न्यू जर्सीतल्या एडिसनला, जावई एडिसनला, सोनोग्राफीचे फोटो एडिसनहून आणि माहेर पुण्यात कोथरूडला, असा पेच पडला की घरोघरी एकच तोडगा निघतो. लेकीला माहेरी येता येत नाही ना, मग माहेरानंच उठून लेकीकडे जायचं.

लेकीच्या अडचणीही खऱ्याच असतात. दिवस भरत आले की विमान कंपन्या घेत नाहीत. विमा तिथला, डॉक्टर तिथली. शिवाय व्हिसाचा नवा शिक्का घ्यायला एकदा अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं की परतीची तारीख देवाच्या आणि वकिलातीच्या हाती. त्यामानानं आईचं सोपं. पर्यटकांचा बी-टू व्हिसा दहा वर्षांचा मिळतो आणि एका खेपेला सहसा सहा महिने राहू देतात. कागदोपत्री ती पर्यटक. पण सहा महिन्यांत एकदा नायगारा आणि एकदा स्वातंत्र्यदेवी सोडली, तर या पर्यटनात तिला दिसतात ती मुख्यतः दुपटी.

बॅगा भरायला महिनाभर आधी सुरुवात होते. माणशी दोन बॅगा आणि प्रत्येकीत तेवीस किलो, एवढीच काय ती मर्यादा. पण ती मर्यादा घालणाऱ्याला बाळंतविडा माहीत नसावा. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू, खारकेची पूड, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, जुन्या सुती लुगड्यांच्या तीन गोधड्या, झबली, टोपरी, कुंची, आणि गुटी उगाळायची सहाण. सहाण दगडाची. ती भरली की हुकाच्या काट्यावर आकडा चोवीस पूर्णांक सहा दाखवतो. मग काहीतरी बाहेर काढावं लागतं. पहिल्यांदा आजोबांचे शर्ट निघतात. मग आजोबांचा स्वेटर. ते दिवाणावर बसून "तिथे जानेवारीत बर्फ असतं म्हणे" असं कुणाला उद्देशून नाही अशा बेतानं म्हणतात. त्यांना उत्तर मिळतं, "जावयाचा घाला."

गंमत म्हणजे यातली बहुतेक जिन्नस एडिसनात मिळते. एडिसन आणि इसेलिनच्या मधून जाणाऱ्या ओक ट्री रोडवर डिंक मिळतो, अळीव मिळतात, ओव्याचे तर पाच प्रकार मिळतात. लेक हे फोनवर तीनदा सांगते. पण "तिथला डिंक फुलत नाही" या विधानाला जगात उत्तर नाही. तो डिंक मुळात गुजरातेतून किंवा राजस्थानातून दोन्हीकडे गेलेला असतो, ही गोष्ट निराळी.

अमेरिकन कस्टम्सची भीती हा या तयारीचा दुसरा अंक. कढीपत्ता नेता येत नाही, कारण त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड जाते. तांदळावर २०११ पासून बंधन आहे, आणि ते ज्या किडीमुळे आलं तिचं इंग्रजी नावसुद्धा 'खपरा' असंच आहे. निर्यातीत आपण असे शब्दही पाठवलेले आहेत. ताजा आंबा तर पिशवीतून अजिबात चालत नाही. अमेरिकेनं १९८९ पासून बंद ठेवलेला भारतीय आंबा २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला, तोही लासलगावच्या केंद्रात विकिरणाची प्रक्रिया करून घेऊन. म्हणजे हापूसलाही तपासणी करून, शिक्के मारून घेऊनच अमेरिकेत शिरावं लागलं. फक्त त्याची मुलाखत झाली नाही.

लाडवांचं काय, हा प्रश्न उरतो. जाणकार सांगतात की जे असेल ते फॉर्मवर लिहावं आणि विचारलं तर दाखवावं. लपवलं तर दंड. पण रोज सकाळी पर्वती चढून येणाऱ्या या बाई नेवार्कच्या विमानतळावर व्हीलचेअरवरून उतरलेल्या असतात. पायांचं काही दुखणं नाही. व्हीलचेअर ढकलणारा माणूस सगळ्या रांगा, सगळे फॉर्म आणि सगळं इंग्रजी ओलांडून थेट दारापर्यंत नेतो, ही माहिती सोसायटीतल्या महिला मंडळात कधीच पोचलेली आहे. तेवढ्यात एक कुत्रा येतो. बीगल जातीचा, अंगात जाकीट, शेपूट हलवत. अमेरिकेनं १९८४ पासून हे कुत्रे विमानतळावर खाद्यपदार्थ हुंगायला ठेवलेत. तो बॅगेपाशी येतो, हुंगतो आणि खाली बसकण मारतो. आजींना वाटतं, लाघवी आहे. अधिकारी विचारतो, यात काय? आजींनी जावयाकडून पाठ करून घेतलेलं वाक्य असतं: "स्वीट्स. फॉर डॉटर. बेबी." यावर बहुतेक अधिकारी हसतात आणि सोडतात. त्यांनाही आया असतात.

पोचल्यावर पहिलं कार्य डोहाळजेवण. ते सातव्यात व्हायचं, पण आईचं तिकीट डिसेंबरात स्वस्त मिळालं म्हणून आठव्यात होतं. फुलांची वाडी भरायला कार्नेशन आणि गुलदावरी, धनुष्यबाणाला पुठ्ठा, आणि चांदण्याला ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा, ज्या डिसेंबरात अर्ध्या किमतीत मिळतात. इथवर सगळं ठीक. गाडी अडते ती पेढा-बर्फीपाशी. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी, आणि होणारीनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. या खेळाची सगळी मजा कुणालाच काही माहीत नसण्यात आहे. भारतात तर ते माहीत करून घेणं हाच गुन्हा आहे: महाराष्ट्रानं सगळ्या राज्यांच्या आधी, १९८८ मध्ये, त्याविरुद्ध कायदा केला आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. अमेरिकेत मात्र विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तंत्रज्ञ बाई गोड आवाजात सांगून मोकळ्या होतात. त्यामुळे एडिसनच्या दिवाणखान्यात पंचवीस बायका श्वास रोखून बघतात, लेक मुद्दाम विचार केल्यासारखं करते आणि बरोबर ती वाटी उघडते जिच्यात बर्फी आहे, कारण बर्फीचा कोपरा झाकणातून बाहेर आलेला असतो आणि पाळण्याच्या खोलीला गुलाबी रंग ऑक्टोबरातच देऊन झालेला असतो.

अमेरिकनांनी यावर स्वतःचा पेढा-बर्फी काढलाय. २००८ मध्ये जेना कार्वुनिडिस नावाच्या एका बाईंनी आत गुलाबी आयसिंग भरलेला केक कापून घरच्यांना मुलगी असल्याचं सांगितलं आणि त्यातून 'जेंडर रिव्हील' समारंभांची लाट आली. पुढे केकवर भागेना, तेव्हा फटाके आले. २०१७ मध्ये अरिझोनात एका होणाऱ्या बापानं निळी पूड उडवायला स्फोटक वापरलं आणि सुमारे सत्तेचाळीस हजार एकर रान जळालं. मुलगा होता. आपल्याकडे चुकून जास्तीत जास्त पेढा संपतो. कार्वुनिडिसबाईंना स्वतःला नंतर या सगळ्याचा पश्चात्ताप झाला, आणि ज्या मुलीसाठी केक कापला ती पुढे सूट घालणारी निघाली, हेही त्यांनीच सांगितलंय.

बाळ जानेवारीत येतं. बाहेर फूटभर बर्फ, आणि हॉस्पिटलात नुकत्याच बाळंत झालेल्या लेकीच्या उशाशी नर्स एक भलाथोरला मग आणून ठेवते. त्यात पाणी. पाण्यात बर्फ. बर्फात नळी. आजींच्या तोंडून फक्त "अगंबाई" एवढंच निघतं. ज्या संस्कृतीत बाळंतिणीच्या कानात वारा जाऊ नये म्हणून भर उन्हाळ्यात स्कार्फ बांधतात, शेपा घालून उकळलेलं पाणी कोमट करून घोट-घोट देतात, तिच्या प्रतिनिधीला हा मग बघणं म्हणजे देवघरात चप्पल बघण्यासारखं. पुढे शेकायला म्हणून जे येतं तेसुद्धा बर्फाचंच. नर्स बिचारी प्रेमळ असते. ती मग भरून भरून आणते. आजी तो बेसिनमध्ये ओतून ओतून थर्मासातलं पाणी भरतात. दोन दिवस हा व्यवहार कुणाच्याही लक्षात न येता सुरळीत चालतो, आणि नर्सच्या तक्त्यावर "पाणी उत्तम पिते" अशी नोंद होते.

दोन दिवस एवढ्यासाठी, की तिथे तेवढेच मिळतात. १९९६ च्या कायद्यानं विमा कंपन्यांना बजावलंय की साध्या बाळंतपणाला किमान अठ्ठेचाळीस तास आणि सिझेरियनला शहाण्णव तास तरी द्या. हा कायदा करावा लागला यावरून त्याआधी काय चाललं असेल त्याचा अंदाज यावा. आपल्याकडे बाळंतिणीला उंबरा ओलांडायला सव्वा महिना. तिथे सव्वा महिन्यात तीन तपासण्या होतात, दोनदा मॉल होतो आणि एखादी मैत्रीण "जिम कधी सुरू करतेस?" असंही विचारून जाते.

या अठ्ठेचाळीस तासांत आणखी एक काम उरकायचं असतं. नाव. हॉस्पिटलातून निघण्याआधी जन्मदाखल्याचा फॉर्म भरायचा आणि त्याच फॉर्मवरून बाळाच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचीही सोय व्हायची. नंतर भरला तरी चालतो, पण मग खेटे. इकडे रीत अशी की बाराव्या दिवशी बारसं, बाळाच्या कानात आत्यानं 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं, तोवर ते बाळच. म्हणजे सरकारला जे नाव दुसऱ्या दिवशी कळतं ते आत्याला बाराव्या दिवशी कळल्यासारखं करावं लागतं. नाव शोधताना कसोट्याही वेगळ्या. 'ळ' नको, 'ज्ञ' नको, 'ण' असला तर शेवटी नको. सुट्टीत पुण्याला आलं की आजोबांना हाक मारता यावी आणि शाळेत हजेरी घेताना बाईंना खोकला येऊ नये. या चाळणीतून मीरा, माया, रिया, आर्या, अनिका असली मोजकी नावं खाली पडतात, आणि म्हणून एडिसनच्या कुठल्याही मराठी वाढदिवसाला "मीरा!" अशी हाक मारली तर चार मुली वळतात.

बारसं शेवटी सोयीच्या रविवारी, अठराव्या दिवशी. आत्या नाशिकला, झूमवर. न्यू जर्सीत सकाळचे नऊ, नाशिकला संध्याकाळचे साडेसात. आत्या पदर सावरून स्क्रीनच्या अगदी जवळ येते, इतकी की सगळ्यांना फक्त नथ दिसते, आणि 'कुर्रर्र' करते. आवाज दीड सेकंद उशिरा पोचतो. तोवर इकडच्या बायकांनी आपला कुर्रर्र आटोपलेला असतो. मग आत्याचा येतो, तुटक, मोबाइल व्हायब्रेट झाल्यासारखा. जावई सवयीनं खिसा चाचपतो.

हॉस्पिटलातून घरी येतानाचा प्रसंग सांगायचा राहिला. आजींनी गोधडी पसरून मांडी तयार ठेवलेली. नातीला आजीच्या मांडीवर घेऊन गाडीतून घरी आणायचं, यात वाद कसला? पण बाळाची कार सीट, पाठीमागे तोंड करून बसवायची, पट्ट्यांसकट, ही तिथे कायद्यानं सक्तीची आणि गाडीत ती नसेल तर हॉस्पिटल बाळाला सोडायला तयार होत नाही. तिच्या पट्ट्यांत बाळाला बसवणं हे जावयानं बाहुलीवर सराव करून शिकलेलं असतं. बाहुली रडत नाही. बाहुलीच्या अंगात आजीनं दोन झबली, एक स्वेटर, टोपरं आणि कुंची घातलेली नसते. नर्सचा आग्रह, की जाड कपडे काढा, नाहीतर पट्टा ढिला राहतो. आजींचा आग्रह, की बाहेर बर्फ पडतोय, बाई. पाच मिनिटं दोन खंडांचं बालसंगोपन समोरासमोर उभं. शेवटी कपडे निघतात, पट्टे आवळतात आणि वरून गोधडी पांघरली जाते. नर्स म्हणते, परफेक्ट. आजी म्हणतात, हेच मी सांगत होते.

घरी आल्यावरची पहिली आंघोळ म्हणजे या सबंध मोहिमेतला आजींचा निर्विवाद विजय. नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, तेवढं त्या पाळतात. नाळ पडते आणि आजी न्हाणीघराची पाहणी करतात. पाट नाही. चूल नाही. घंगाळं नाही. उभं राहून अंग धुवायची काचेची खोली, आणि शेजारी लांबलचक पांढरा टब. जावयाच्या मते टब हा अमेरिकन घरातला सगळ्यांत निरुपयोगी भाग. दोन वर्षांत त्यानं तो एकदाच वापरला, तोही स्लीपिंग बॅग धुवायला. आजी पदर खोचतात, साडी गुडघ्यापर्यंत घेतात, टबात उतरतात आणि पाय पसरून बसतात. पाठीला उतार, पायांना लांबी, दोन्ही बाजूंना आडोसा, पाणी आपोआप वाहून जाणार. बरोबर त्यांच्याच मापाचा. पसरलेल्या पायांवर नात पालथी, नळाला कोमट पाणी, हातात खोबरेल. "यांनी हे बनवलंय कशाला ते यांनाच ठाऊक नाही," असं त्या आतूनच जाहीर करतात. नात पायांवर तेल चोळून घेताना एकदाही रडत नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई सांगतात, बाळाला रोज थोडा वेळ पोटावर ठेवत जा, मान घट्ट होते, त्याला 'टमी टाइम' म्हणतात. आजी मान डोलावतात. टमी टाइम त्यांच्या पायांवर कधीच सुरू झालेला असतो.

धुरीच्या बाबतीत मात्र हार पत्करावी लागते. न्हाऊन झालं की बाळ-बाळंतिणीला धुरी हवी. निखारे ठेवायला शेगडी नाही म्हणून आजी तवा तापवतात आणि त्यावर ओवा, शेपा, लसणीची सालं टाकतात. सुगंध पसरतो. सुगंधाच्या मागून चाळीस सेकंदांत छताला चिकटवलेली पांढरी तबकडी किंचाळायला लागते. तिच्यामागून बेडरूमची. तिच्यामागून मार्गिकेतली. बाळ, बाळाची आई आणि शेजारचं कोरियन बाळ एकदम रडतात. जावई स्टुलावर चढून बाळाच्या दुपट्यानं तबकडीला वारा घालतो, आजोबा जावयाच्या स्वेटरात खिडक्या उघडत सुटतात आणि ज्या गारठ्यापासून बाळंतिणीला जपायचं तो सगळाच्या सगळा घरात येतो. त्या दिवसापासून धुरी बंद. ओव्याची गरम पुरचुंडी आणि विजेवरची शेकायची पिशवी यांच्यावर तह. मिरच्या-मोहऱ्यांनी दृष्ट काढायचा बेतही त्याच तहात बारगळला. मीठ नुसतं ओवाळून सिंकमध्ये टाकलं.

डॉक्टरीणबाईंची यादी मोठी असते, आणि ती खोटी नसते. बाळाला झोपवायचं ते पाठीवरच. १९९४ पासून तिथे त्याची देशभर मोहीम चालली आणि झोपेत दगावणारी बाळं खरोखर कमी झाली. डोकं गोल व्हावं म्हणून आणलेली राईची उशी त्यामुळे बॅगेतच राहते. वर्षाच्या आत मध नाही, कारण त्यातून बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. म्हणजे सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायची तो कार्यक्रम रद्द. काजळ नाही, कारण त्यात शिसं सापडतं, असा तिथल्या औषध प्रशासनाचा इशारा आहे. आजींनी काजळ घरी बदामाची काजळी धरून केलेलं असतं, तरीही नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, त्यामुळे हजारो मैल विमानातून आलेली ती सहाण नुसतीच ओट्यावर बसून असते. तिचा शेवटी उपयोग होतो तो जावयाचा लॅपटॉप थोडा उंच ठेवायला. ग्राइप वॉटरबद्दल विचारलं तर डॉक्टरीणबाई विचारतात, ते काय असतं? आजींना हा भारताचा अपमान वाटतो. खरं तर ते औषध विल्यम वुडवर्ड नावाच्या इंग्रजानं १८५१ मध्ये नॉटिंगहॅमला काढलेलं आहे. आपण ते दत्तक घेऊन इतकं वाढवलं की त्याचे आईबाप आपणच, असं वाटायला लागलं.

या सगळ्यात आजी एकट्या नसतात. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर बाळाची बातमी पडली की डब्यांची यादी लागते: सोमवार कुणाचा, मंगळवार कुणाचा. अमेरिकन लोक याला 'मील ट्रेन' म्हणतात. गाडी वेळेवर येते, डबेही भरलेले येतात. फक्त प्रत्येक घरानं स्वतंत्रपणे विचार करून, बाळंतिणीला हलकं हवं म्हणून, मुगाची खिचडी केलेली असते. आजी पहिले तीन दिवस "किती करतात हो" म्हणतात. पाचव्या दिवशी त्या फ्रीज उघडतात, बंद करतात आणि भाकरीचं पीठ काढतात.

कागदपत्रांचं प्रकरण इथेच येतं. घरातली सगळ्यांत धाकटी व्यक्ती ही घरातली पहिली अमेरिकन नागरिक असते. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारावर ते चालत आलंय, आणि २०२५ पासून त्यावर कोर्टकज्जेही सुरू आहेत. आजोळ बघायला जायचं तर नातीला आधी अमेरिकेचा पासपोर्ट, मग भारतासाठी ओसीआय कार्ड. पासपोर्टच्या फोटोत मागे पांढरं आणि बाळाखेरीज कुणी नको. मान न धरणाऱ्या बाळाचा, कुणी धरलेलं न दिसता, फोटो काढायचा. पांढऱ्या चादरीवर झोपवून, जावयानं खुर्चीवर उभं राहून सदुसष्ट फोटो काढले. चौसष्टांमध्ये आजींचा हात होता. ओसीआयच्या अर्जावर सही लागते, आणि सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा. अंगठा तुरीच्या दाण्याएवढा, आणि बाळाची मूठ उघडायची म्हणजे कुलूप उघडण्यासारखं. ठसा एकदाचा कागदावर उमटला, मग झबल्यावर, मग आजोबांच्या कपाळावर. "शाळेत गेली नाही आणि अंगठाबहाद्दर झाली," आजोबा म्हणाले. सबंध सहा महिन्यांत त्यांचा हा एकच विनोद, पण कोथरूडला परतल्यावर तो त्यांनी पुष्कळ पुरवला.

मग येतात बारा आठवडे. अमेरिकेच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्यानं बाळंतपणाला नोकरी शाबूत ठेवून मिळणारी रजा बारा आठवडे, आणि तीही बिनपगारी; न्यू जर्सीसारखी काही राज्यं विम्यातून पगाराचा काही भाग देतात, तेवढाच दिलासा. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांना सव्वीस आठवडे भरपगारी रजा आहे. आजींना हे कळतं तेव्हा त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा भारत सरकारची स्तुती बाहेर पडते. (ही सवलत संघटित नोकरी असलेल्यांनाच, हे त्यांच्याकडे येणारी कामवाली बाई त्यांना सांगू शकली असती.) लेक एप्रिलात कामाला लागते, आणि आजींची पर्यटक म्हणून खरी नोकरी तिथून सुरू होते.

मे महिन्याचा दुसरा रविवार उजाडतो. मदर्स डे. जावई पुष्पगुच्छ आणतो, दोन. एक बायकोला, एक सासूबाईंना. आजी गुच्छाची किंमत विचारतात आणि खाली बसतात. त्यांना जर माहीत असतं की हा दिवस सुरू करणारी बाईही नेमकी याच गोष्टीवर बसून राहिली होती, तर बरं वाटलं असतं. ॲना जार्विसनं आपल्या आईच्या स्मरणार्थ १० मे १९०८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चमध्ये पहिला सोहळा करवला आणि आईला आवडायची म्हणून पांढऱ्या कार्नेशनची पाचशे फुलं पाठवली. १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सननी दिवस अधिकृत केला. आणि मग फुलवाले, चॉकलेटवाले, छापील कार्डवाले असे काही तुटून पडले की उरलेलं आयुष्य जार्विसबाई स्वतःच्याच सणाविरुद्ध भांडत राहिल्या. १९४८ मध्ये त्या गेल्या. स्वतःला मूलबाळ नव्हतं. सणाचा पहिला गुच्छ आणि पहिली तक्रार, दोन्ही त्यांचीच. कोथरूडच्या आजींशी त्यांचं चांगलं जमलं असतं.

जून आला की ड्यूटी बदलते. आजींचे सहा महिने भरतात आणि लेकीच्या सासूबाई साताऱ्याहून निघतात. नेवार्कच्या विमानतळावर, येणाऱ्यांच्या दारापासून जाणाऱ्यांच्या दारापर्यंतच्या चाळीस मिनिटांत, विहिणी-विहिणींमध्ये कार्यभार सोपवला जातो. "दुपारी बाराला झोपते. उजव्या कुशीवर चटकन डोळा लागतो. ओवा वरच्या फडताळात. आणि हो, तव्यावर काही टाकू नका." सासूबाई सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "टब कुठे आहे?" त्यांना बातमी आधीच पोचलेली.

पिठोरी अमावास्येला, श्रावण संपताना, कोथरूडच्या स्वयंपाकघरात आजी परत आपल्या जागी असतात. हाच आपल्याकडचा मातृदिन. दिवसभर उपास, संध्याकाळी खीर-पुरीचा नैवेद्य, मग आईनं पाठमोरं उभं राहून ताट खांद्यावरून मागे धरायचं आणि विचारायचं, "अतीत कोण?" मागे उभ्या लेकरानं "मी" म्हणून ते घ्यायचं. लेक लहान असल्यापासून हे कधी चुकलेलं नाही, म्हणून याही वर्षी चुकवायचं नाही. आजोबा पाठीमागे फोन धरून उभे. पुण्यात संध्याकाळचे सात, एडिसनात शुक्रवारचे सकाळी साडेनऊ. लेकीची रोजची साडेनऊची मीटिंग लॅपटॉपवर, शेजारी सहाणेला टेकवलेला फोन, आणि सासूबाईंच्या मांडीवर नात.

"अतीत कोण?" आजी विचारतात. चित्र गोठतं.

"अहो, ऐकू येत नाहीये तिला. जवळ न्या."

आजोबा फोन ताटाच्या आणखी जवळ नेतात. स्क्रीनवर आता फक्त खीर. लॅपटॉपमध्ये टीमचा प्रमुख म्हणतोय, हे मोठं काम पडलंय, कुणीच उचललेलं नाही, कोण घेणार? बारा चौकोनांत बारा माणसं खाली बघतात.

"अतीत कोण?" आजी जोरात विचारतात.

"मी!" लेक त्याहून जोरात म्हणते, आणि तेव्हा तिच्या लक्षात येतं की म्यूटचं बटण फोनचं दाबलंय, लॅपटॉपचं नाही.

चौकोनातला प्रमुख खूश होतो. इंग्रजीतही मी म्हणजे मीच. थँक यू, म्हणतो, आणि कामापुढे तिचं नाव लिहितो. कोथरूडला काहीच ऐकू न गेल्यानं आजी ताट धरून अजून उभ्याच. शेवटी आजोबा फोन खिशात घालतात, "मी" म्हणतात आणि खीर संपवायला घेतात.

एडिसनात काम सोमवारपर्यंत द्यायचं ठरतं.